दोनशे डॉलर वाचवण्याआधी पासपोर्ट बघा



जून-जुलैची सुट्टी जवळ आली की ग्रुपवर एकच प्रश्न: युरोपचं सगळ्यात स्वस्त तिकीट कुठलं? ट्रान्झिटचं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "काही होत नाही गं, आम्ही गेलो होतो." मी सीए आहे. "गेल्या वर्षी चाललं होतं" एवढ्यावर मी कुणाचं रिटर्न भरत नाही. तुम्ही मुलाबाळांचा प्रवास कसा काय ठरवता?

आपल्या घरांचं गणित वेगळं आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणून मुलं ऑस्ट्रेलियन, आई ऑस्ट्रेलियन आणि बाबा भारतीय पासपोर्टवर पीआर, असं सर्रास दिसतं. सल्ला देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला होता, हे कुणी विचारतच नाही!

"पीआर आहे ना?" आहे, पण उपयोग नाही. विमानतळ ट्रान्झिट व्हिसातून सूट देणाऱ्या शेंगेनच्या यादीत अमेरिका, कॅनडा, जपानचे निवास परवाने आहेत. ऑस्ट्रेलियाचा नाही. कुठला देश भारतीयांकडून हा व्हिसा मागतो ते बदलत असतं, म्हणून बुकिंगआधी त्या देशाच्या दूतावासाची साइट बघा.

व्हिएन्नाला फ्रँकफर्टमार्गे जाताय? इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार. आता तिथे ईईएसची फोटो-बोटांच्या ठशांची रांगही असते (बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात). दीड तासाचं कनेक्शन घेऊन मग धावत सुटू नका. मध्ये दोन शेंगेन विमानतळ असतील, तर पुढे लंडनला जायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. वेगवेगळी तिकिटं काढून बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं तरी तेच.

कस्टम्सचंही तसंच. हातातली बॅग युरोपियन युनियनच्या पहिल्या विमानतळावर तपासतात, चेक-इन केलेली शेवटच्या. पेढे, तूप, पनीर बाहेरून नेता येत नाही. दहा हजार युरो किंवा जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते.

"एअरलाइन सांगेलच की!" हो, सांगेल, मेलबर्नच्या काउंटरवर, बॅगा वजनकाट्यावर असताना. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड त्यांना होतो, म्हणून ते सरळ नाही म्हणतात. तोवर हॉटेलचे पैसे गेलेले, पोरं रडवेली, आणि वाचले किती? दोनशे डॉलर.

तेव्हा "काही होत नाही" असं कमेंटमध्ये लिहायचंच असेल, तर आधी आपला पासपोर्ट, मार्ग आणि साल लिहा. नाहीतर कृपया लिहू नका.