प्रेज्युडिस : ओळख नंतर, निकाल आधी

आपल्या शब्दओळखीत आज घेऊया प्रेज्युडिस हा शब्द.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक ताई राहायला आल्या. दिवसभर दार बंद, कुणाशी बोलणं नाही. "फार घमेंडी दिसतात," असं मी घरात सांगूनही टाकलं. महिनाभराने कळलं, त्या नर्स आहेत. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपतात. माझं ते मत म्हणजेच प्रेज्युडिस.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'प्रे' म्हणजे आधी आणि 'ज्युडिसियम' म्हणजे न्याय, निवाडा. रोमन कायद्यात मुख्य खटल्याआधी होणाऱ्या प्राथमिक चौकशीला आणि निर्णयाला असं म्हणत. पुढे फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. 'जज' आणि 'ज्युडिशियल' हे त्याचेच नातेवाईक. गंमत म्हणजे आपला 'पूर्वग्रह' हा शब्दही तसाच बनलेला आहे: पूर्व म्हणजे आधी, आणि ग्रह म्हणजे करून घेतलेला समज.

आता वापर पाहू. एखाद्याविषयी मन कलुषित असेल तर 'प्रेज्युडिस अगेन्स्ट' म्हणतात. माणसाबद्दल बोलताना मात्र शेवटी 'ड' हवा. 'ही इज प्रेज्युडिस' चूक, 'ही इज प्रेज्युडिस्ड' बरोबर.

वकिलाच्या पत्रावर कधी 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलेलं दिसतं. तिथे पूर्वग्रहाचा संबंध नसतो. या शब्दाचा दुसरा जुना अर्थ आहे नुकसान. म्हणजे, तडजोडीसाठी आम्ही हे लिहीत आहोत, पण त्यामुळे आमच्या हक्कांना बाधा येऊ नये.

जेन ऑस्टिन यांची 'प्राईड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी 1813 साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या खर्ड्याचं नाव होतं 'फर्स्ट इम्प्रेशन्स', म्हणजे पहिल्या भेटीत पडलेली छाप. नायिका एलिझाबेथ डार्सीला पाहताच गर्विष्ठ ठरवते आणि खरा माणूस कळायला तिला बराच वेळ लागतो.

मला महिना लागला. आता सकाळी ताई ड्युटीवरून येताना जिन्यात भेटल्या की आम्ही दोन मिनिटं बोलतो. तुम्हीही कुणाचा निकाल आधीच लावून ठेवला आहे का? आज त्यांच्याशी एक वाक्य बोलून बघा. शब्द पाठ करण्यापेक्षा तो असाच जास्त लक्षात राहील.