गुण आर्क पेटण्याआधीपासून द्या

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वेल्डर ट्रेडच्या प्रात्यक्षिकात जीआयचा जॉब आणि धुरापासूनचा बचाव यांना गुण देण्याबाबत

महोदय,



मी फॅब्रिकेशनचा छोटा व्यवसाय करतो. ग्रिल, गेट, जिने, गच्चीवरच्या शेड आणि अलीकडे सोलर पॅनेलचे सांगाडे ही आमची कामं. माझ्याकडे येणारी बरीच मुलं आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून आलेली असतात. त्यांचा हात चांगला असतो. बीड सरळ, रॉडचा कोन बरोबर, स्लॅग नीट झाडलेला. हे श्रेय आपल्या निदेशकांचं आहे आणि ते आधीच नोंदवतो, कारण पुढे मागणी करायची आहे.

मुलांचा हात बसतो तो मुख्यतः काळ्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटवर. बाजारात मात्र गिऱ्हाईक जीआय मागतं. कोकणात खाऱ्या वाऱ्यापुढे काळं मटेरियल टिकत नाही, आणि देशावरसुद्धा दर दोन वर्षांनी रंग कोण मारत बसणार? जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. हा मुलामा सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ, पण वेल्डरचं सगळं गणित तोच बदलतो. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस लागतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. त्यामुळे पाईप वितळायच्या आत मुलाम्याची वाफ होते, हवेतल्या ऑक्सिजनशी तिचा संयोग होतो आणि झिंक ऑक्साइडचा दाट पांढरा धूर निघतो. त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनहून बारीक असतात. ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात.

खरी गोम ही की त्रास लगेच होत नाही. काम उरकून माणूस घरी जातो, आणि धूर घेतल्यापासून साधारण चार ते दहा तासांनी हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, ताप चढतो. घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत सगळं आपोआप उतरतं. हा धातूच्या धुराचा ताप. पावसाळ्यात अशा तापाला डॉक्टर मलेरिया-डेंग्यूची तपासणी सांगतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण काल कशावर वेल्डिंग केलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मुलानेही सांगितलं नाही, तर तापाचं मूळ कुणालाच कळत नाही.

त्यात आणखी एक फसगत आहे. रोज धूर घेणाऱ्या शरीराला काही दिवसांत त्याची सवय होते आणि ताप येईनासा होतो. एक-दोन दिवस सुट्टी पडली की ही सवय मोडते आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी ताप पुन्हा गाठतो. म्हणून जगभर याला ‘सोमवारचा ताप’ म्हणतात. पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तेव्हा तिथे हा सोमवार शुक्रवारी उजाडतो. मधल्या दिवसांत ताप येत नाही म्हणून वेल्डर समजतो, आपण आता ‘सेट’ झालो. प्रत्यक्षात धूर तेवढाच आत जात असतो. जस्ताचा ताप उतरतो हे खरं, पण त्या धुरात रॉडमधलं आणि पोलादातलं मँगनीजही असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला, मग तो कुठल्याही धातूचा असो, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे.

यावर आमच्या धंद्यातला उपाय म्हणजे दूध, गूळ आणि केळी. मालक प्रेमाने देतो, कामगार विश्वासाने घेतो. पोषण म्हणून जरूर द्यावं. पण दूध जातं पोटात आणि धूर जातो फुप्फुसात, त्यामुळे ते धुराला अडवू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही इतके बारीक कण रोखत नाही.

मग तपासणी करणारं कुणी नाही का? कायद्याच्या लेखी कारखाना ठरायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान २० कामगार लागतात. जीआयचं काम मोठ्या प्रमाणात होतं ते तीन-चार माणसांच्या गाळ्यात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या गच्चीवर. तिथे निरीक्षक पोचत नाही, पण आपल्याकडे शिकलेला मुलगा पोचतो. राज्यभर चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. गाळ्यागाळ्यात शिरण्याची एवढी मोठी वाट दुसऱ्या कुठल्याही खात्याकडे नाही, म्हणून हे पत्र आपल्याला.

अभ्यासक्रमात सुरक्षेचे धडे आहेत, हे मला माहीत आहे. पण मुलगा धड्यातलं परीक्षेपुरतं लिहितो आणि हाताने केलेलं जन्मभर करतो. माझी मुख्य मागणी त्यासाठीच आहे : प्रात्यक्षिकात जीआय पाईपचा एक जॉब ठेवा आणि त्याचे निम्मे गुण आर्क पेटण्याआधीच्या कामाला द्या.

पहिले गुण ओळखण्याचे. मटेरियल काळं की मुलाम्याचं, हे पाहून सांगता आलं पाहिजे. सोनेरी-पिवळसर मुलाम्याच्या नट-बोल्टला हात लावू नये, हेही त्याच वेळी शिकवावं. असा मुलामा कॅडमियमचा असू शकतो. त्याच्या धुराचा त्रास सुरुवातीला जस्तासारखाच वाटतो, पण पुढे फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावू शकतो. दुसरे गुण प्रश्न विचारण्याचे : हा जोड वेल्ड करायलाच हवा का? क्लॅम्प किंवा बोल्ट चालत असेल, किंवा काळ्या मटेरियलमध्ये सांगाडा बनवून नंतर गॅल्व्हनायझिंगला पाठवता येत असेल, तर धुराचा प्रश्नच उरत नाही.

तिसरे गुण सफाईचे. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी निदान एक इंच, शक्य तिथे जास्त, मुलामा ग्राइंडरने काढायचा, आणि नळीच्या आतल्या अंगालाही मुलामा असतो हे विसरायचं नाही. ग्राइंडिंग करताना गॉगल आणि मास्क दोन्ही हवेत. गाळ्यात तेजाब ओतून मुलामा काढायचा नाही. तेल-ग्रीस काढायला क्लोरीनयुक्त क्लीनर वापरून लगेच आर्क पेटवायची नाही, कारण त्यातून फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. मुलांना हे पटवायला तब्येतीची भीती घालावी लागणार नाही. मुलाम्यावर मारलेल्या बीडमध्ये वाफ अडकून बारीक छिद्रं राहतात आणि जोड कच्चा होतो. साफ केलेल्या आणि न केलेल्या पाईपवरचे दोन जोड कापून शेजारी ठेवले की कारागीर स्वतःच समजतो.

चौथे गुण उभं राहण्याचे. धूर वर चढतो, तेव्हा त्याच्यावर डोकं वाकवायचं नाही. पंखा असा लावायचा की वारा बाजूने येऊन धूर तोंडापासून दूर जाईल. शटर अर्धं ओढून, टाकीत उतरून किंवा बंद खोलीत जीआय वेल्ड करायचं नाही. तसं करणं अटळ असेल तर धूर खेचणारा एक्झॉस्ट हवा आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस हवा. हेल्मेटच्या आत निदान एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसलेला. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. आणि उरलेल्या निम्म्या गुणांतले काही, जोड थंड झाल्यावर सिल्व्हर पेंटचा फराटा न मारता जस्तयुक्त पेंट लावण्याचे. काढलेलं संरक्षण परत दिलं, तरच गिऱ्हाईक सफाईला हो म्हणेल.

दुसरी मागणी छोटी आहे. आमच्यातले कितीतरी वेल्डर आयटीआयची पायरी न चढता उस्तादाच्या हाताखाली शिकले. त्यांच्यासाठी त्या-त्या भागातल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आयटीआयचं वर्कशॉप अर्धा दिवस उघडा. मराठीबरोबर हिंदीतही शिकवा, कारण गाळ्यात दोन्ही भाषा बोलल्या जातात. जाताना प्रत्येकाच्या हाती एक कागद द्या : ‘ताप आला तर डॉक्टरांना सांगा, मी जीआय वेल्ड केलं आहे. दम लागला, छातीत दुखलं किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखान्यात जा.’

या सगळ्यासाठी नवी इमारत नको, नवं पदही नको. ग्राइंडर आणि मशिन आपल्या वर्कशॉपमध्ये आहेतच. राहिला प्रश्न मटेरियलचा. जीआय पाईपचे वीत-दोन वीत तुकडे प्रत्येक कामात कटिंगला उरतात आणि भंगारात जातात. आपण हो म्हणा. आमच्या भागातल्या आयटीआयला वर्षभर पुरतील एवढे तुकडे मी पोचवीन, आणि ओळखीच्या चार फॅब्रिकेटरांनाही तेच सांगेन.

कळावे,
आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक