चारही टायर सारखे झिजू द्या

साताऱ्यात अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान चालवताना दरवर्षी एक गोष्ट खटकते. टायर बघायला गाड्या येतात जूनमध्ये, घाटात एकदा घसरल्यावर. त्या यायला हव्यात मे महिन्यात.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. इंजिनाचं वजन, वळणाचा ताण, ब्रेकचा मोठा भार, सगळं पुढच्याच दोन टायरवर. चाक उतरवून त्यावरून तळहात फिरवला की कडेच्या झिजलेल्या पायऱ्या बोटांना लागतात. मागच्या टायरच्या खाचा मात्र खोल असतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे बाजू बदलून पुढे घेतले, तर चारही बरोबरीने झिजतात. यालाच रोटेशन म्हणतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र बाजू बदलायची नाही.

रोटेशनबरोबर बॅलन्सिंगही करून घ्यावं. रिमवरचं वजन गळून पडलेलं असतं, झिजेमुळे तोल ढळलेला असतो. यंत्रावर चाक फिरवलं की किती ग्रॅम, कुठे लावायचे ते कळतं. पाच-दहा ग्रॅमचा फरकही महामार्गाच्या वेगात स्टिअरिंग थरथरवतो आणि टायर आणखी वेडावाकडा झिजवतो.

उन्हाळ्यात कोरड्या डांबरावर गोटा टायरही धरून चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पावसात टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं काम खाचांचं. त्या उथळ झाल्या की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. मोटारीच्या टायरला कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं की ती संपली. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट पावसात उतरणाऱ्यांना मी 3 मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो. दोनच नवे घेणार असाल, तर ते मागे बसवा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही. रोटेशन वेळेवर केलं, तर चारही टायर एकदमच बदलायला येतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

कायदा आहे, पण खाजगी मोटारीचे टायर बघतो कोण? तिची नोंदणी 15 वर्षांची. तोवर फिटनेस तपासणी नाही. पीयूसी मात्र ठरावीक मुदतीने करावीच लागते. मग त्याच केंद्रावर खाचांची खोली मोजून पावतीवर लिहायला काय हरकत आहे? खोली मोजायचं साधन खिशात मावतं आणि चार टायर मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. परिवहन विभागाने येत्या उन्हाळ्यापासून हे सुरू करावं. गाडीमालकांनी मात्र त्याची वाट बघू नये. मे संपायच्या आत चाकं उतरवून घ्यावीत आणि किती मिलिमीटर उरलंय ते मेकॅनिकला आपल्यासमोर मोजायला लावावं.