अकरा वस्तू आणि आपली माणसं



रात्रपाळी मारून सकाळी गिरीजला घरी येतो तेव्हा टीव्ही माझ्या आधी जागा असतो. कुणीतरी बुवा राशी सांगत असतो. दुपारी पाककृती. दिवे लागले की मालिका : सासू, सून, मंगळसूत्र, कारस्थान. मग गाण्याची स्पर्धा, विनोदाचा फड, रात्री बातम्यांच्या नावानं कोंबड्यांची झुंज. शेकडो चॅनेलं. रिमोट दाबून दाबून अंगठा दुखतो, पण घर काही बदलत नाही. तोच दिवाणखाना, तेच देवघर, तीच आडनावं. वसईच्या वाड्यांत सामवेदी बोलतात, ती त्या घरात ऐकू येत नाही. पाळीवर जाणारा माणूस तिथं नाही. गटारात उतरणारा बातम्यांत येतो, तोही मेल्यावर.

आणि ह्याला म्हणायचं विविधता!

पांढरपेशे मित्र सांगतात, 'लोकांना हवं ते दाखवतात.' कोण लोक? हे नीट समजून घ्या. देशात वीस कोटींच्या वर घरांत टीव्ही. त्यातल्या पन्नास-साठ हजार घरांत बार्क नावाची संस्था मीटर बसवते आणि त्यावरून कोण काय बघतो ते ठरतं. घरांची प्रतवारी लावायला 2011 साली एक पद्धत आणली, तिचं नाव एनसीसीएस. दोनच प्रश्न. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती? आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती? वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, धुण्याचं मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए-पासून ई-पर्यंत बारा पायऱ्या. मीटर गरिबाच्या घरीही बसतं, नाही असं नाही. पण जाहिरातदार जास्त भाव मोजतो तो वरच्या पायऱ्यांना. मालिका त्यांच्यासाठी शिजते, आपण वास घ्यायचा.

मी आईला समोर बसवून मोजलं. वीज, पंखा, गॅस, टीव्ही, जुना घेतलेला फ्रीज. पाच. कमावता मी, शाळा आठवीत सुटली. जमीन? सात पिढ्यांत सातबारा नाही. बाबासाहेब जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले. ह्यांनी त्या श्रेणीला फ्रीज आणि एसी लावला, एवढंच.

1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा आपल्या हातात पैसा होता तरी जागा नव्हती. आज जागा विकायलाच ठेवलीय, तर हातात पैसा नाही. दार तेच, कडी बदलली.

तुम्ही म्हणाल, निदान बाबासाहेबांवर मालिका तरी आली. आली. 2019 साली स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली, 2020पर्यंत चालली. माझी आई चपला बाहेर काढून, पदर नीट करून टीव्हीपुढं बसायची. शाळेतलं पाणी आलं तेव्हा ती रडली. मी तिला हसलो नाही, हसणार नाही. वस्त्यावस्त्यांत माणसं अशीच बसली होती. पण बाबासाहेब दाखवले की हिशेब मिटला असं समजणाऱ्यांना माझा सवाल आहे : त्यांच्या नातवंडांचं काय? आजचा भीमसैनिक, आजची हॉस्टेलमधली पोरगी, घर भाड्यानं मागताना आडनाव विचारलेला पोरगा, हे कुठल्या वेळेला लागतात? मेलेला महापुरुष चालतो. जिवंत माणूस स्पॉन्सर मिळवून देत नाही.

आता एक कडू गोष्ट. 1988 साली जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. दूरदर्शनवरचं 'रामायण' संपत होतं आणि ज्या वाल्मीकींना ते आपले मानतात त्यांच्या आश्रमातली लव-कुशाची कथा राहून जात होती. संप इतर शहरांत पसरला. रस्त्यांवर कचरा साचला. सरकार नमलं, पुढचे भाग काढावे लागले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'रिडल्स'साठी आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर लाखांनी उतरली होती. राम आणि कृष्णावरचं बाबासाहेबांचं लिखाण गाळू नका, म्हणून.

जालंधरच्या भावांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी दाखवून दिलं की झाडू थांबला की टीव्हीला ऐकावं लागतं. ताकद खरी होती. फक्त तिनं मागितलं काय, तर आणखी रामायण! ताकद आपली आणि गोष्ट त्यांची, हा धंदा बंद झाला पाहिजे.

गिरीजहून सायकल मारली की सोपारा येतं. तिथला बौद्ध स्तूप 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. आमच्या उंबऱ्यापाशी दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट पडलीय, आणि आम्ही रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या देवघरातली घंटा ऐकतोय.

म्हणून पोरांनो, 14 एप्रिलला चॅनेलच्या अभिनंदनाचे बॅनर लावू नका. एक काम करा. प्रत्येक वस्तीत एक वही घ्या. आठवडाभर टीव्हीपुढं बसा आणि लिहा : कोण दिसला, आडनाव काय, कामधंदा काय, घर कसलं, आपला माणूस आला तर कशाला आला. त्यांचं मीटर त्यांच्यापाशी, आपलं मीटर आपल्यापाशी. मग त्या वह्या घेऊन त्यांच्या दारात जाऊ. भीक मागायला नाही, हिशेब मागायला. आणि जे दाखवत नाहीत ते आपण लिहू, वस्तीत उभं करू.

आई अजून मालिका बघतेच. मी सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी वही घेऊन बसलो. ती म्हणाली, 'काय लिवतोस रं?' म्हटलं, 'आपलं कोण येतं का बघतोय.' ती हसली नाही. जाहिरात लागली तेव्हा वहीत वाकून म्हणाली, 'अजून कोणच न्हाई?'

कोणच नाही, आये.