समजून घ्या: फॉर्म्युला वनमध्ये शर्यत कोण जिंकतं, ड्रायव्हर की गाडी?

पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यत संपली की गावभर चर्चा रंगते ती बैलांची. कुठली जोडी पळाली, कुणाचा बैल घाटाचा राजा ठरला, हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. फॉर्म्युला वनमध्ये मात्र याच्या उलट होतं. पोडियमवर ड्रायव्हर उभा राहतो, पोस्टरवर त्याचाच चेहरा असतो आणि गाडी मागे पार्क केलेली असते.

तरीही प्रत्येक शर्यतीनंतर सोशल मीडियावर एक वाद हमखास पेटतो. "ती गाडी दिली तर कुणीही जिंकेल," असं एक गट म्हणतो. "मग त्याच गाडीतला दुसरा ड्रायव्हर मागे का राहिला?" असं दुसरा विचारतो.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंकडे भक्कम पुरावे आहेत.

माणूस तोच, गाडी वेगळी

६ डिसेंबर २०२०, बहारीनमधली सखीर ग्रां प्री. विश्वविजेता लुईस हॅमिल्टन कोरोना पॉझिटिव्ह आल्यामुळे मर्सिडीजला ऐनवेळी बदली ड्रायव्हर हवा होता. निवड झाली विल्यम्स संघाच्या जॉर्ज रसेलची.

तोपर्यंत विल्यम्सकडून ३६ शर्यतींत रसेलला एकही गुण मिळाला नव्हता. मर्सिडीजच्या गाडीत तर तो नीट मावतही नव्हता, त्यासाठी त्याला एक नंबर लहान बूट घालावे लागले. तरीही पात्रता फेरीत तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या वॉल्टेरी बोटासपेक्षा तो फक्त ०.०२६ सेकंदाने मागे होता. शर्यत सुरू होताच त्याने आघाडी घेतली आणि बराच वेळ टिकवली. पुढे पिट स्टॉपमध्ये संघाने टायर बसवताना घोळ घातला, त्यानंतर टायर पंक्चर झाला आणि रसेल नववा आला.

एका आठवड्यात रसेलचं कौशल्य वाढलं नव्हतं. बदलली होती ती गाडी.

भारताकडेही असं उदाहरण आहे. नारायण कार्तिकेयन २००५ च्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. पण त्या दिवशी मिशेलिन टायर सुरक्षित नसल्यामुळे १४ गाड्यांनी माघार घेतली होती आणि फक्त सहा गाड्या धावल्या होत्या. हाच कार्तिकेयन २०११ मध्ये एचआरटी या कमकुवत संघाकडून ऑस्ट्रेलियात उतरला, तेव्हा किमान वेगाची अटही पूर्ण न झाल्याने त्याला शर्यतीत भागच घेता आला नाही.

गाडी तीच, माणूस वेगळा

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहू. २०२५ च्या हंगामात रेड बुलच्या मॅक्स वर्स्टॅपनने ४२१ गुण मिळवले. विजेतेपद त्याच्या हातून फक्त दोन गुणांनी निसटलं. त्याच्या संघातली दुसरी गाडी आधी लियम लॉसनकडे होती. दोनच शर्यतींनंतर त्याला बाजूला करून ती युकी त्सुनोदाला देण्यात आली. रेड बुलच्या गाडीत हंगामाअखेरपर्यंत त्सुनोदाने ३० गुण मिळवले.

संघ एकच, कारखाना एकच, तरीही ४२१ विरुद्ध ३०. गाडीच सगळं करत असती, तर एवढी दरी पडली नसती.

इथेही एक मेख आहे. गाडी वर्षभर सुधारत जाते आणि त्या सुधारणा बहुतेक वेळा संघातल्या सर्वात वेगवान ड्रायव्हरच्या शैलीला धरून होतात. त्यामुळे 'तीच गाडी' दुसऱ्याच्या हातात तितकी सोयीची राहत नाही. म्हणजे ड्रायव्हर गाडी चालवतो, तशी थोडीफार घडवतोही.

८८ टक्क्यांचं कोडं

संशोधकांनीही हे कोडं सोडवायचा प्रयत्न केला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५० ते २०१४ पर्यंतचे निकाल तपासले गेले. संघाचा प्रभाव ड्रायव्हरपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं त्यात दिसलं. मात्र पावसात आणि शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत हा प्रभाव कमी होतो, असंही आढळलं. २०२३ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने २०१४ ते २०२१ चे हंगाम तपासले. निकालांमधला सुमारे ८८ टक्के फरक संघामुळे पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग ड्रायव्हरची किंमत फक्त १२ टक्के? इथेच अनेकांची गफलत होते.

पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करणारे हजारो विद्यार्थी आहेत. पूर्व आणि मुख्य परीक्षेची चाळणी पार करून मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांमध्ये हुशारीचा फरक फारच थोडा उरतो. तिथे निकाल इतर गोष्टींनी फिरू शकतो. म्हणून हुशारीला किंमत नाही, असं कुणी म्हणणार नाही. ती नसती तर उमेदवार तिथवर पोहोचलाच नसता.

फॉर्म्युला वनचंही तसंच आहे. २०२५ पर्यंत तिथे फक्त २० जागा होत्या. २०२६ मध्ये कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्याने त्या २२ झाल्या. त्यासाठी लागणारं सुपर लायसन्स मिळवायला खालच्या स्पर्धांमध्ये साधारणपणे तीन वर्षांत ४० गुण कमवावे लागतात. ही चाळणी पार केलेल्या ड्रायव्हरांमधला फरक सेकंदाच्या काही दशांशांचा असतो. गाड्यांमधला फरक त्याहून मोठा असतो, कारण प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो.

म्हणून ८८ टक्के हा आकडा 'ड्रायव्हर बिनकामाचा' असं सांगत नाही. ड्रायव्हर जवळपास सारखे आहेत आणि गाड्या नाहीत, इतकंच तो सांगतो.

पण दशांश सेकंदही छोटा नसतो. एका फेरीत एक दशांश सेकंद वाचला, तर ६० फेऱ्यांच्या शर्यतीत सहा सेकंद होतात. दोन गाड्या तोडीस तोड असतील, तर तेवढ्यावर शर्यत जिंकता येते.

गाड्या सारख्या दिल्या तर?

ज्या रविवारी रसेल मर्सिडीज चालवत होता, त्याच दिवशी त्याच सखीरमध्ये मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांची चासी, इंजिन आणि टायर सारखेच असतात. त्यामुळे तिथला विजय ड्रायव्हरबद्दल जास्त सांगतो.

पुण्याच्या डायना पंडोले यांचं यशही याच कारणामुळे महत्त्वाचं आहे. दोन मुलांची आई असलेल्या डायना यांनी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफ सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये असं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या गटात महिलांसाठी वेगळी शर्यत नसते, त्या पुरुषांबरोबरच धावतात. गाड्याही एकाच प्रकारच्या असतात. त्यामुळे "गाडी भारी होती म्हणून जिंकली" हा शेरा तिथे मारताच येत नाही.

खरा अडसर कुठे आहे?

पुण्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला रेसिंग करायचं असेल, तर 'ड्रायव्हर की गाडी' हा प्रश्न फॉर्म्युला वनच्या कितीतरी आधी समोर येतो.

या शहरात आणि आसपास गाड्या बनतात, एआरएआयमध्ये त्यांच्या चाचण्या होतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी स्वतःच्या रेस कार तयार करतात. पण देशातली मुख्य सर्किट्स चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाला आहेत. सराव म्हणजे प्रवास, मुक्काम, टायर, इंधन आणि मेकॅनिकचा खर्च. पुढे कार्टिंग, फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या चढताना तो कोट्यवधी रुपयांवर जातो. गाडी सारखी असली, तरी सरावाचे तास आणि चांगले इंजिनिअर पैशानेच मिळतात.

त्यामुळे वरपर्यंत पोहोचतात ते पोहोचू शकणाऱ्यांमधले उत्तम. सर्वांमधले उत्तम कोण, हे कळायला संधीच मिळत नाही. जेहानला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' या शोधमोहिमेने पुढे आणलं. डायना यांची सुरुवातही जेके टायरच्या महिलांसाठीच्या उपक्रमातून झाली. दोघांच्याही प्रवासात कुणीतरी आधी गाडी हातात दिली आणि मग गुण पारखले.

तर मग उत्तर काय?

फॉर्म्युला वन स्वतःच याचं उत्तर दोन भागांत देतं. ड्रायव्हरचं जगज्जेतेपद १९५० पासून आहे आणि गाडी बनवणाऱ्या संघाचं १९५८ पासून. २०२४ मध्ये पहिलं वर्स्टॅपनला मिळालं, दुसरं मॅक्लॅरनला. म्हणजे सर्वोत्तम ड्रायव्हर आणि सर्वोत्तम गाडी एकाच गॅरेजमध्ये असतील, असं नाही.

तुम्ही पहिल्या चारांत लढणार की शेवटच्या चारांत, हे गाडी ठरवते. त्या लढतीत कोण पुढे निघणार, हे ड्रायव्हर ठरवतो. आणि या लढतीपर्यंत मुळात कोण पोहोचणार, हे बऱ्याचदा पैसा ठरवतो.

पुढच्या वेळी कुणी "ती गाडी दिली तर कुणीही जिंकेल" असं लिहिलं, तर त्यातला 'दिली तर' हा भाग नीट वाचा. बहुतेकांना ती कधी दिलीच जात नाही.