उजेड घरचा, फोटो मनासारखा

मैत्रिणींनो, मुलीचं लग्न काढलं की पत्रिकेच्या आधी फोटो मागतात. आमच्या शेजारच्या मुलीचा रंग सावळा, नाकीडोळी नीटस. स्टुडिओतून फोटो आला तो इतका गोरापान, की तिच्या आईनंच विचारलं, "ही कोण गं?" मुलगी काही बोलली नाही, पण तो फोटो तिनं पुन्हा पाकिटातून काढला नाही. खरं सांगू? सावळ्या चेहऱ्याला सफेदी लागत नाही. त्याला मऊ उजेड लागतो, आणि तो घरच्या घरी करता येतो.

उजेड लहान जागेतून आला की सावली कडक पडते. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली खळगे दिसतात. मोबाइलच्या फ्लॅशनं चेहरा सपाट होतो आणि कपाळ तेवढं चकाकतं. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या कापडातून किंवा कापडावरून आला, की सावलीच्या कडा विरतात. स्टुडिओतल्या पांढऱ्या छत्र्या एवढंच काम करतात बरं का!

ही युक्ती जुनीच आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र' करीत होते तेव्हा सारी भिस्त सूर्यावर. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मला भोकं पाडीत, आणि शिवाय भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, असं सांगतात. म्हणजे १९१३ साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटाचा उजेड एका गृहिणीनं सांभाळलेला! मग आपल्याला काय अवघड आहे?

खिडकी : आपल्या वाशी-नेरुळच्या फ्लॅटमध्ये हॉलला बहुधा एकच मोठी खिडकी, तिला ग्रिल. ऊन थेट आत येत असेल तर ग्रिलच्या रेघा तोंडावर पडतात. जुनं पांढरं धोतर एकपदरी करून चिमट्यांनी ग्रिलला लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, तोंड अर्धवट खिडकीकडे करून बसवा आणि ट्यूबलाइट बंद करा. पावसाळ्यात ढगाळ आभाळ हीच चादर, तेव्हा धोतरही नको.

चादर : खिडकीपलीकडचा गाल काळोखा राहतो. त्या बाजूला कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाका. जवळ आणली की सावली फिकी, दूर नेली की गडद. सगळी सावली मात्र घालवू नका. नाकाचा, हनुवटीचा घाट तिच्यामुळंच दिसतो. सावळ्या कांतीवर तर मोठ्या चादरीची चमक ठिपक्यासारखी न राहता गालभर पसरते, आणि फार खुलून दिसते. वयस्कर माणसांच्या मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे खालून उजेड येऊन सुरकुत्या मवाळ होतात.

पुठ्ठा : खोक्याचा दोन फुटी पुठ्ठा घ्या. पोळ्या गुंडाळायची फॉइल चुरगळून, परत उलगडून त्यावर खळीनं चिकटवा. गुळगुळीत ठेवलीत तर आरशासारखा कवडसा पडेल हं! मागच्या बाजूला पांढरा कागद लावा. चंदेरी बाजू जास्त उजेड देते, पांढरी बाजू मऊ.

रात्री : टेबललॅम्पचं तोंड माणसाकडे न करता जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे करा, सारी भिंतच दिवा होते. जुन्या पिवळ्या बल्बला किंवा हॅलोजनला कागद-कापड कधीही गुंडाळू नका, पेट घेईल.

मोबाइल : चेहरा उजळवणारी सोय आधी बंद करा. फार जवळून काढलात तर नाक मोठं दिसतं, म्हणून चार-पाच फुटांवर उभ्या राहा. पडद्यावर गालाशी बोट टेका. चेहरा जास्तच उजळ वाटला, तर बहुतेक फोनांत बोटानंच उजेड कमी करता येतो. कांती खरी दिसेल तिथं थांबा.

येत्या रविवारी सकाळी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो काढा. नाहीतर पुढं लग्नाच्या घोळक्यातून कापलेला फोटो भिंतीवर लावायची वेळ येते. मग चादर सावरायला मुलांना उभं करा, मोबाइल यजमानांच्या हातात द्या, आणि स्वतः खिडकीशी बसा. घरातल्या फोटोंत आपलाच तेवढा धड नसतो, नाही का?