रिळाला झारी पुरे, एचटीपी नको

मंडळी, आज थोडं बांधाबाहेरचं लिहितो. भाताची झोडणी आटपली की आमच्या देवगड-मालवण पट्ट्यातली निम्मी तरणी पोरं संध्याकाळी पुळणीवर असतात. पूर्वी हातात नुसती दोरी, गरी आणि शिशाचं वजन असायचं. आता लांब रॉड आणि स्पिनिंग रीळ आलं. वाईट काही नाही, चार शेंगट्या मिळाल्या तरी घरच्या कालवणाचं भागतं, नशिबात असली तर तांबोशीही लागते. पण दोन-तीन हजारांचं रीळ दुसरा पावसाळा बघत नाही आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: "हलका माल आहे काका, असाच जायचा."

मला हे पटत नाही. माल हलका असेलही. पण माझ्याकडे उघडायला आलेली बहुतेक रिळं एकतर धुतलेलीच नव्हती, नाहीतर चुकीची धुतलेली होती. आणि चुकीची धुतलेली जास्त.

चुकीचं म्हणजे काय, तर आंब्याच्या फवारणीचा एचटीपी पंप घरात आहेच, त्याचीच गन रिळावर धरायची. वरून चकाचक दिसतं. पण रिळाच्या कडेला, हँडलच्या भोकात, रोटरखाली जे मीठ बसलंय ते त्या दाबाने बाहेर येत नाही, आत जातं. आत गिअर, बेअरिंग. तिथे खारं पाणी एकदा शिरलं की परत निघायला वाट नाही. बादलीत बुडवून ठेवणाऱ्यांचंही तेच. बुडवलेल्या रिळात पाणी सावकाश भरतं आणि ग्रीसखाली जाऊन बसतं.

यापेक्षा रोपवाटिकेतली झारी घ्या. बारीक भोकांची. रोपांना घालतो तितक्याच हलक्या हाताने, वरून, अर्धा-एक मिनिट. धुण्याआधी ड्रॅगची चकती पूर्ण आवळा, म्हणजे ड्रॅगच्या वॉशरांत पाणी जात नाही. धुऊन झालं की तीच चकती सैल करा. झटकून, जुन्या सुती कापडाने पुसून, रात्रभर सावलीत वाऱ्याला ठेवा. ओलं रीळ पिशवीत कोंबून चेन लावणं म्हणजे न वाळवलेलं भात कणगीत भरण्यासारखं आहे.

आता हे त्याच संध्याकाळी का करायचं, तेही सांगतो, कारण "उद्या बघू" इथेच सगळं बिघडतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं की ते तिथेच राहतात. आणि मीठ नुसतं पडून राहत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम असल्यामुळे त्याच्या आधीच. किनाऱ्यावर रात्रीची हवा कशी असते ते स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला विचारा. म्हणजे घरात खुंटीला टांगलेलं रीळ रोज रात्री थोडं थोडं खाऱ्या पाण्यात भिजतच असतं. ॲल्युमिनियमवर एरवी संरक्षक थर असतो, तो क्लोराइड फोडतं आणि पांढरी भुकटी दिसायला लागते. त्यात बॉडी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेसचे. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटल्यावर बॅटरीच तयार झाली, आणि झिजायचं ॲल्युमिनियमने. म्हणून स्क्रू निघत नाहीत, जाम बसतात. बसवतानाच आट्यांना ग्रीसचं बोट लावलं तर हे पुष्कळ टळतं.

"लाटेत बुडलंच नाही, मग कशाला धुवायचं?" असंही विचारतात. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यालगतच्या कलमांची पानं टोकाकडून करपलेली आपण बघतो ना? त्या पानांवर काय लाट आली होती?

पाणी मात्र गोडं हवं, आणि हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. खाडीलगतच्या कितीतरी विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ज्यांच्याकडे ठिबकसाठी ईसी मीटर आहे त्यांनी एकदा बघाच. समुद्राच्या पाण्याचा ईसी पन्नासच्या आसपास, चांगल्या सिंचनाच्या पाण्याचा एकाच्याही खाली. ज्या पाण्यावर भाजीचं रोप तग धरत नाही त्याने रीळ धुऊन उपयोग काय? तेव्हा नळाचं पाणी बाटलीत धरून ठेवा. एका रिळाला दोन लिटर पुष्कळ झालं.

सगळ्यात आधी जातो तो लाइन रोलर, दोरी जिच्यावरून वळते ती इवलीशी चाकी. गुंडाळताना दोरीतलं सगळं पाणी तिच्यावर पिळलं जातं. विणलेली दोरी तर जास्तच पाणी धरते. ही चाकी अडकली की दोरी एकाच जागी घासते आणि मासा लागल्यावर तुटते, मग शिव्या दोरीला. धुताना ती बोटाने फिरवा, सुकल्यावर एक थेंब तेल द्या.

तेलाबद्दल. डब्ल्यूडी-४० चा डबा सगळीकडे पोचलाय. ते पाणी हटवायला बनवलेलं आहे, ते काम चांगलं करतं. पण त्याला वंगण समजून आत फवारलं तर असलेलं ग्रीसही पातळ होऊन निघतं. खोबरेल अजिबात नको, थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल बेअरिंगला चालतं, मात्र वरचेवर द्यावं लागतं. गिअरला ग्रीस, पातळ थर. आणि हँडल उलटं फिरू न देणारा जो क्लच असतो त्याला ग्रीस लागू देऊ नका, तो घसरायला लागतो.

महागडं सीलबंद रीळ घ्यावं का? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रोज लाटा अंगावर घेणाऱ्याने जरूर घ्यावं. आपण घोट्याएवढ्या पाण्यातले. सीलबंद रिळाचंही बाहेरचं काही सुटत नाही, रोलर आणि बेलची स्प्रिंग धुवावीच लागते. त्या पैशात मी दोन साधी रिळं घेईन, आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरका कापून वाळूत रोवेन. रॉड त्यात उभा राहतो, रीळ वाळूत लोळत नाही.

बोर्डो मिश्रण करताना आपण लोखंडी भांडं वापरत नाही. सुरी बुडवून तांबडा थर धरतो का बघतो, धरला तर अजून चुना घालतो. फवारा झाला की पंपही धुऊन ठेवतो. धातूला काय खातं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग साडेसहाला घरी आलेलं रीळ तसंच ओटीवर का पडून राहतं?

पावसाळ्यात ठेवताना स्पूल काढून दोरी गोड्या पाण्यात भिजवून वाळवा, शाफ्टला तेलाचा हात फिरवा, ड्रॅग सैल. आणि खतांच्या खोलीत ठेवू नका. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. फुटलेल्या गोणीशेजारी चार महिने टांगलेलं रीळ आणि समुद्रात टाकलेलं रीळ, श्रावणात उघडल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.